अडीच किलोचा अख्खा कुत्रा

फ्लॅट लहान म्हणून कुत्राही लहान, आणि कुत्रा लहान म्हणजे व्यापही लहान. या हिशेबावर पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत पामेरियन, शित्झू, चिवावा आणि पग घरोघरी आले. हिशेब पहिल्याच ओळीत चुकला आहे. लहान कुत्र्याला जागा कमी लागते. लक्ष जास्त लागतं, आणि ते बारा ते सोळा वर्षं लागतं.

मोठ्या कुत्र्याचं एक जेवण चुकलं तर तो भुकेला राहतो. किलोभर वजनाच्या पिल्लाचं जेवण चुकलं तर जिवावर बेततं. त्याच्या यकृतात साखरेचा साठा जेमतेम असतो आणि अंगातली ऊब भराभर निघून जाते. प्रवास झाला, थंडी वाजली, पोट काही तास रिकामं राहिलं, की रक्तातली साखर खाली येते. पिल्लू मलूल होतं, झोकांड्या खातं, थरथरतं, शेवटी त्याला आकडी येते. घरचे म्हणतात, ‘दमलंय बिचारं, झोपू दे.’ झोपू देऊ नका. हिरड्यांना मध किंवा साखरेचं दाट पाणी चोळा, उबदार फडक्यात गुंडाळा आणि डॉक्टर गाठा. शुद्ध हरपली असेल तर घशात काही ओतू नका. तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला हवं. नवरा-बायको दोघं नोकरीला आणि घराला दहा तास कुलूप, असं असेल तर एवढं लहान पिल्लू आणूच नका. वयात आलेला, कुणाला तरी नकोसा झालेला कुत्रा आणा. तसे खूप आहेत.

पण बाजार उलट सांगतो. जितकं लहान, तितकं महाग. पाच-सहा आठवड्यांची पिल्लं आईपासून तोडून सर्रास विकली जातात, कारण त्या वयात ती सगळ्यात गोंडस दिसतात. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम २०१७ सालीच आले आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय हा धंदाच करता येत नाही. विकणाऱ्याकडे नोंदणीचा कागद मागणारी गिऱ्हाइकं किती? ‘टीकप’ म्हणून जादा पैसे घेऊन खपवलं जाणारं पिल्लू तर कुठल्याही मोठ्या केनेल क्लबच्या यादीत नाही. वेतातली सगळ्यात कमजोर पिल्लं निवडून त्यांचीच पुढं पैदास करायची, किंवा वयाआधीच पिल्लू काढून ‘हे एवढंच राहणार’ म्हणायचं, असा तो मामला आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाचा (केसीआय) कागद हा वंशावळीचा दाखला असतो, तब्येतीचा नव्हे. पिल्लू बघायला जाल तेव्हा आधी त्याची आई बघायला मागा. ती कुठे राहते, तिच्या अंगावर मांस आहे का, माणूस जवळ आला की ती मागे सरकते का, ते बघा. आई दाखवायला नकार मिळाला तर पैसे खिशात ठेवा आणि घरी या.

डॉक्टरांचं सांगणं धुडकावायला घरोघरी एक उत्तर तयार असतं: आमच्या काकांचा पामेरियन दूध-पोळीवर पंधरा वर्षं जगला. जगला असेल. पण तो बहुधा पामेरियन नव्हता. ऐंशी-नव्वदच्या दशकांत वाड्यांत आणि चाळींत जे पांढरे, झुपकेदार शेपटीचे कुत्रे होते, ते बहुतेक इंडियन स्पिट्झ. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफीसुद्धा तोच. अंगानं थोराड, आपल्या हवेत रुळलेला आणि काटक. आजचा दोन-तीन किलोंचा पामेरियन ही वेगळी गोष्ट आहे. त्याचे पूर्वज पोमेरेनियाचे, म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचे, आणि ते चांगले दहा किलोंच्या पुढचे होते. राणी व्हिक्टोरियानं १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा लहान चणीचा पामेरियन आणला, १८९१ मध्ये क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात उतरवला, आणि लहान पामेरियनांची हौस पसरली. तेव्हापासून माणसानं निवडून निवडून त्याला लहान केलं. ठेवण लहान झाली, जबडा आखूड झाला, पण दात मात्र मोठ्या कुत्र्याइतकेच, ४२. ते दाटीवाटीनं बसतात, दुधाचे काही पडतच नाहीत, फटींत अन्न अडकतं, हिरड्या सडतात. ‘कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच’ असं म्हणून आपण चार-पाच वर्षं काढतो आणि मग एका दिवशी भूल देऊन दहा दात उपटावे लागतात. रोज ब्रश करा. कुत्र्यांची पेस्ट वेगळी मिळते, आपली वापरायची नाही. पिल्लूपणापासून सवय लावली तर दोन मिनिटांचं काम आहे.

दूध-पोळीचंही असंच. वयात आलेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही, आणि नुसत्या पोळीतून त्यांना लागणारी प्रथिनं मिळत नाहीत. त्यावर बिस्किटं. तीन किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. एका छोट्या ग्लुकोज बिस्किटात पंचवीसेक कॅलरी असतात. घरातल्या पाच जणांनी चहाच्या वेळी प्रेमानं एकेक दिलं की त्याचं निम्मं जेवण झालं, आणि त्यात पोषण काही नाही. आजोबांना हे सांगणं अवघड असतं, तरी सांगा. त्यांच्या हातात उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्या. देण्याचा आनंद तोच राहतो. आपल्या स्वयंपाकघरात बहुतेक पातेली कांदा-लसणानंच चढतात. कांद्या-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात. चॉकलेट विषारी आहेच. लॅब्राडॉर जेवढ्यातून कदाचित निभावेल, तेवढ्यात हा दगावेल. सत्यनारायणाच्या दिवशी त्याला आतल्या खोलीत ठेवा आणि पाहुण्यांना स्पष्ट सांगा.

गळ्याला पट्टा बांधू नका. पामेरियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा यांच्या श्वासनलिकेच्या कूर्चा मुळातच मऊ पडायला लागतात आणि ओढाताणीनं नळी आणखी चपटी होते. मग बदकाच्या ओरडण्यासारखा कोरडा खोकला लागतो, जो आयुष्यभर जात नाही. छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. गुडघ्याच्या वाट्या सरकणं हेही या जातींचं नेहमीचं दुखणं. चालता चालता मागचा एक पाय उचलून तो तीन पायांवर उड्या मारतो आणि घरचे व्हिडिओ काढतात. ते नाचणं नसतं. गुळगुळीत टाइल्सवर चटया टाका, सोफ्यापाशी पायरी ठेवा, आणि लहान मुलांना त्याला उभ्यानं उचलू देऊ नका. हातातून निसटून पुढच्या पायाचं हाड मोडतं, आणि या कुत्र्यांत ते हाड इतकं बारीक आणि रक्तपुरवठा इतका कमी, की जुळायला फार त्रास देतं.

आता मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याविषयी. शरीर लहान केलं तरी आतला कुत्रा लहान झालेला नाही. त्याला वास घ्यायचा असतो. कोपऱ्यावरच्या खांबाशी थांबून तिथून कोण गेलं ते वाचायचं असतं. दुसऱ्या कुत्र्याला भेटायचं असतं, माती उकरायची असते. आपण त्याला कडेवर घेऊन सोसायटीला फेरी मारतो आणि म्हणतो, फिरवून आणलं. फिरलो आपण. त्याच्या नाकाला काहीच मिळालं नाही. जो जन्मभर कडेवर राहिला त्याला रस्ता कळत नाही, मोठा कुत्रा दिसला की तो भेदरतो आणि भेदरला की भुंकतो. मग आपण त्याला भुंकरा, चिडका, डोक्यावर बसलेला ठरवतो. अल्सेशियन गुरगुरला तर अख्खी खोली थांबते. हा गुरगुरला तर लोक हसतात आणि पुन्हा बोट पुढं करतात, ‘बघा बघा, राग आला!’ तो सांगतोय की नको, मला सोडा. दहा वेळा सांगून कुणी ऐकलं नाही की अकराव्या वेळी तो चावतो, आणि दोष त्याच्या जातीवर जातो. त्याचं गुरगुरणं गांभीर्यानं घ्या. सकाळ-संध्याकाळ त्याला त्याच्या चार पायांवर बाहेर न्या, घाई करू नका, फिरायचा रस्ता त्याला ठरवू द्या. शू-शी कुठे करायची हेही त्याला शिकवा. गच्चीत वर्तमानपत्र टाकून वर्षानुवर्षं चालवणं हा आपला आळस आहे.

उन्हाळ्याचं दोन शब्दांत. माणूस घामानं थंड होतो, कुत्रा मुख्यतः धापेनं. पग आणि शित्झूचं नाकच इतकं आखूड केलेलं, की धाप नीट लागत नाही. २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग मुलामागे धावला आणि देशभर पगाची लाट आली. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात त्याचं काय होईल, हे तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस. ४१ च्या पुढं गेलं की मिनिटं मोजायची. अंगावर नळाचं साधं पाणी, वर पंखा आणि लगेच दवाखाना. आणि ‘गरम होतं’ म्हणून पामेरियनचे केस मुळापासून तासू नका. त्याच्या दुहेरी केसांचा थर उन्हापासूनही वाचवतो, आणि एकदा तासले की पुष्कळदा ते नीट परत येत नाहीत. रोज विंचरा, तेवढं पुरतं.

मादी असेल तर ‘एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत’ हा आग्रह सोडा. त्याला वैद्यकीय आधार नाही. इवल्याशा आईच्या पोटात मोठ्या डोक्याची पिल्लं अडतात, चिवावाला तर कितीदा सिझेरियन करावं लागतं. नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होणं हेही वारंवार दिसतं. माजानंतर काही आठवड्यांत ती पाणी फार प्यायला लागली, मलूल झाली, तर थांबू नका.

सोसायटीच्या कमिटीलाही एक सांगायचं आहे. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताचा ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टचे वेगळे पैसेही मागता येत नाहीत. वयस्क बाईंना शित्झू घेऊन सहा मजले चढायला लावणं हा अन्याय आहे. आणि कुत्रेवाल्यांनो, शी उचला. शित्झूची असली तरी उचला.

बारा ते सोळा वर्षं, असं वर म्हटलं. दहावीतल्या मुलीच्या हट्टापायी आणलेलं पिल्लू पाच वर्षांचं होतं तेव्हा मुलगी बंगळुरूला किंवा अमेरिकेला असते. ती रात्री व्हिडिओ कॉलवर त्याला हाक मारते. पावसात त्याला खाली नेणारे, गोचीड शोधणारे, दिवाळीत फटाक्यांनी थरथरणाऱ्याला पोटाशी धरून बसणारे आई-बाबा असतात, आणि त्यांचेही गुडघे दुखत असतात. त्यांना ते जड वाटत नाही, असं मी खूप घरांत पाहिलंय; घर रिकामं झाल्यावर त्यांना त्या जिवाची सोबत होते. पण पिल्लू आणण्याआधी त्यांना विचारा.

आणि म्हातारपणाची तयारी ठेवा. लहान जातींच्या कुत्र्यांत हृदयाची झडप झिजणं फार आढळतं. सातव्या-आठव्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या. घरी एक गोष्ट तुम्हीच करू शकता. तो गाढ झोपला असताना घड्याळ लावून एका मिनिटात छाती किती वेळा वर येते ते मोजा आणि वहीत लिहून ठेवा. आकडा ३० च्या वर राहू लागला, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.