न पाहिलेल्या पोथीचा दाखला कसा द्यावा

(होतकरू प्रबंधकारांसाठी, विशेषतः बीड जिल्ह्यातील)

नियम पहिला. पोथी निवडायची तर हरवलेलीच निवडावी. असलेली पोथी उद्या कोणीही उघडून बघतो. याबाबतीत बीडकर नशीबवान. वि. का. राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची, त्यांच्या मते एकनाथपूर्व, प्रत सापडली ती इथेच, पाटांगणावर. 1909 साली त्यांनी ती छापली, तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले, आणि मूळ पोथी नाहीशी झाली. रागाच्या भरात त्यांनीच ती नष्ट केली असे सांगतात. कोण सांगतात? ज्यांनी ऐकले ते.

नियम दुसरा. तळटीप भारदस्त हवी. ‘मूळ हस्तलिखित, पाटांगण, बीड’ एवढे लिहिले की भागते. आमच्या ओळखीचे एक प्राध्यापक हीच तळटीप वर्षानुवर्षे वापरतात. पोथी पाहणे ही त्यांच्या मते एक वृत्ती आहे.

नियम तिसरा. नक्कल चुकांसकट करावी. पाठचिकित्सक पोथ्यांची घराणी चुकांवरूनच लावतात. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच ओवी गळलेली दिसली, की दोघी एकाच आजीच्या नाती. प्रबंधांचेही तसेच. एकाने पृष्ठ 69 चे 96 केले की पुढचे सगळे इमानाने 96 लिहितात, आणि शेवटचा त्याच्या शेजारी ‘प्रत्यक्ष अवलोकन’ असे जोडतो.

नियम चौथा. अंबाजोगाईला जाऊ नये. तिथे दासोपंतांची पासोडी, म्हणजे सुमारे 40 फूट लांब कापडावर लिहिलेले ‘पंचीकरण’, अजून आहे. पाहिली म्हटले की ‘वाचली का?’ हा प्रश्न आलाच. त्यापेक्षा त्यांचा ‘गीतार्णव’ बरा. सव्वा लाख ओव्या म्हटल्यावर उलटतपासणी कोण करतो?

नियम पाचवा. अडेल तिथे ‘तत्रैव’.

खरे तर एवढा खटाटोप कशाला? राजवाड्यांचे छापील पुस्तक हातात असेल तर तेच लिहा. तेही नसेल, ओवी दुसऱ्याच कुणाच्या ग्रंथातून घेतली असेल, तर ‘राजवाडे (1909), अमुक यांच्या तमुक ग्रंथात उद्धृत, पृष्ठ इतके’ असे लिहा, आणि संदर्भसूचीत अमुकांचा ग्रंथ घाला, राजवाड्यांचा नव्हे. एका ओळीचे काम. पण पोरांनी तरी काय करावे? ग्रंथालयातले जुने कपाट कुलपात, किल्लीवाले रजेवर, आणि मार्गदर्शक म्हणतात, “दुय्यम संदर्भ फार झालेत, कमी करा.” पोरगं कमी करतं. ‘उद्धृत’ एवढा शब्द खोडतं.

राग येतो तो आमच्या प्राध्यापकांचा. राजवाडे प्रतीतल्या ओव्या त्यांना तोंडपाठ आहेत. एकनाथी पाठ कुठे वेगळा पडतो, ते पुस्तक न उघडता सांगतात. ‘छापील प्रत, घरची, वाळवी लागलेली’ असे लिहिले असते तरी कोणाची हसायची छाती नव्हती. पण ऐकतील तर शपथ. परवा एका विद्यार्थ्याला सांगत होते, “पोथीचा कागद जरासा तांबूस आहे, बरं का.”