तलावाला पट्टी, गावाला गोणी

मे महिना. जळगाव-धुळ्यात पारा ४५ च्या आसपास. नळाला रोज पाणी येत नाही, हे आता इकडे कुणी तक्रार म्हणूनसुद्धा सांगत नाही. गावाबाहेरच्या फार्महाऊसवर मात्र टँकर वेळेवर येतो, निळ्या टाइल्सचा तलाव काठोकाठ भरतो आणि मालकांना घोर लागतो: क्लोरीन टिकत नाही हो!

घोर रास्त आहे. खान्देशी उन्हात उघड्या पाण्यातला क्लोरीन दोन-तीन तासांत बहुतेक उडून जातो. म्हणून तो सूर्य मावळल्यावर टाकायचा, उन्हापासून जपायला सायन्युरिक आम्ल ३० ते ५० पीपीएम ठेवायचं, क्लोरीन १ ते ३ आणि पीएच ७.२ ते ७.८. सकाळ-संध्याकाळ मालक चष्मा चढवून ओल्या पट्टीचा रंग डब्यावरच्या रंगाशी ताडून बघतात. मुलीचं स्थळही इतकं पारखलं नसेल.

त्याच शिवारात ग्रामपंचायतीच्या खोलीत टीसीएलची, म्हणजे पिण्याच्या पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरची, गोणी तोंड उघडं ठेवून पडलेली असते. तिच्यातलाही क्लोरीन उडतोच. फक्त कुणाची झोप उडत नाही. पिण्याच्या पाण्यात नळाच्या टोकाला किमान ०.२ पीपीएम क्लोरीन हवा. क्लोरीन तपासायच्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचे थेंब टाकले की पाणी पिवळं दिसलं पाहिजे.

तलावात पोहणारे चौघे, टाकीचं पाणी पिणारं अख्खं गाव. मालक, रंग ओळखायला नजर तयार झालीच आहे, तर येत्या ग्रामसभेत ओटी तपासणीची नोंदवही तेवढी मागून बघा.