एका 'के'ची गोष्ट

माझ्या जुन्या लॅपटॉपवर हायकू चालतं. ही जपानी कविता नव्हे, ऑपरेटिंग सिस्टिम आहे. नव्वदच्या दशकात बीओएस नावाची एक देखणी प्रणाली होती. 1996 साली अ‍ॅपल ती विकत घेता घेता राहिलं, 2001 मध्ये तिची कंपनीच विकली गेली आणि त्याच वर्षी काही चाहत्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली. तेच हे हायकू. पहिली बीटा आवृत्ती 2018 मध्ये आली, पाचवी 2024 मध्ये. घाई कुणालाच नाही. आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजवाल्यांनाही नसते, पण बहुतेक हायकूवाले निदान फुकट काम करतात.

भाच्याच्या मुंजीच्या व्हिडिओची लिंक आली. एक जीबी. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते, म्हणजे अर्ध्यात तुटलेलं डाउनलोड पुढे चालू करणारं काहीतरी हवं. म्हणून डब्ल्यूगेट घेतलं. त्याला खिडकी नाही, बटण नाही. फक्त एक सेटिंगची फाइल, तीही नावाआधी टिंब असलेली.

फाइलीत तीन ओळी लिहिल्या. 'कंटिन्यू' ऑन. 'ट्राइज' शून्य, म्हणजे कितीही वेळा तुटो, प्रयत्न सोडायचा नाही (एरवी ते वीस वेळा करून हात टेकतं). आणि 'लिमिट रेट' 300, कारण मी काही उतरवायला लागलो की हिचा अमेरिकेतल्या बहिणीशी चाललेला व्हिडिओ कॉल गोठतो, आणि मग मेहुणीचं उघडं तोंड पडद्यावर तसंच राहतं. सवयीनं कंट्रोल-एस दाबलं. काही झालं नाही. हायकूत तिथे ऑल्ट लागतं. वीस वर्षांची करंगळी एका दिवसात वळत नाही.

डाउनलोड सुरू झालं. उरलेला वेळ: 41 दिवस, 10 तास.

मी इंटरनेटवाल्याला फोन करून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांचा पोरगा आला, त्यानं मोबाइलवर स्पीड मोजला. उत्तम. लॅपटॉपकडे पाहून म्हणाला, "काका, हे काय लावलंय?" मी त्याला बीओएसचा इतिहास सांगायला घेतला. त्याला दुसरी कम्प्लेंट आठवली.

रात्री डब्ल्यूगेटची माहितीपुस्तिका उघडली. आकड्यापुढे 'के' लिहिला तर किलोबाइट. नाही लिहिला तर नुसते बाइट. मी सेकंदाला तीनशे बाइट मागितले होते आणि त्या गुणी बाळानं इमानेइतबारे तेवढेच दिले. चूकही दाखवली नाही, कारण त्याच्या लेखी चूक नव्हतीच. आनंदीबाईंनी निदान 'ध'चा 'मा' केला म्हणतात. मी अक्षर गाळूनच मोकळा झालो होतो.

'के' लावला. या वेळी ऑल्ट-एस. 41 दिवसांची 58 मिनिटं झाली. आतल्या खोलीत मेहुणीचं तोंड व्यवस्थित हलत होतं, थांबायचं नाव नव्हतं. फाइल पुरी उतरली तेव्हा मी विजयी मुद्रेनं हिला हाक मारली, "ये गं, मुंज बघू."

"अहो, ती मी सोमवारीच मोबाइलवर पाहिली," ती आतूनच म्हणाली. "मंगलाष्टकं चालली असताना तुम्ही दोनदा जांभई दिलीय."