धुराने आधी टेप लावावा

देगलुराहून सीमा ओलांडून तेलंगणातल्या मदनुरात शिरलं की पेट्रोलचा भाव बदलतो, पाट्यांची लिपी बदलते. इमारत ‘उंच’ कधी म्हणायची तेही बदलतं, हे परवा एका बांधकामवाल्याने समजावलं. राष्ट्रीय इमारत संहिता, 2016 म्हणते, 15 मीटर भरले की उंच. तेलंगणाला वारशात मिळालेल्या 2012 च्या नियमांत हाच आकडा 18. आगीचे कडक नियम, धोक्याची घंटा, बरंचसं या उंचीला टांगलेलं. त्यात संहिता राज्याने उचलली तर कायदा, नाहीतर कपाटातला ग्रंथ.

“मग आमचं दुमजली घर?”

“ते उंचच नाही, मामा. त्याला काय होतंय?”

खरंय. धूर शिकलेला असतो. जिना चढण्याआधी तो टेप लावतो. सात-आठच मीटर भरले की “माफ करा, घर चुकलं” म्हणून माघारी फिरतो. सीमेवर मात्र त्याची फार ओढाताण. संहितेच्या हिशेबाने सोळाव्या मीटरला दबकत चालायचं, तेलंगणाच्या हिशेबाने त्याच सोळाव्या मीटरला उजळ माथ्याने हिंडायचं. म्हणून तो खिशात रहिवासी दाखला बाळगतो, आणि वारं पूर्वेकडे फिरलं की दोन्ही राज्यांच्या नियमांची झेरॉक्ससुद्धा. आमच्या बाजारात खाली कापड दुकान, वर बिऱ्हाड, मधे एकच जिना आणि त्या जिन्यातही साड्यांचे गठ्ठे. त्या गठ्ठ्यांना ताकीद आहे : पेटायची हौस असेल तर आधी सहाव्या मजल्यावर जा. सहावा मजला नाही? मग पेटू नका, नियमात बसत नाही.

18 मे 2025, रविवार. पहाटे सोलापुरात टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. मालकाचं बिऱ्हाड तिथेच. 8 जण गेले. त्याच सकाळी हैदराबादेत गुलजार हौजजवळ, खाली दुकानं आणि वर घर, 17 जण गेले, त्यात 8 लेकरं. उंच इमारत दोन्हीकडे नव्हती. माणसं झोपेत असतात आणि ज्वाळेच्या आधी धूर गाठतो. त्याला कोणत्या राज्याचे मीटर दाखवता? आणि चोराच्या भीतीने खिडक्यांना कायमच्या ठोकलेल्या त्या लोखंडी जाळ्या! चोर बाहेर राहतो, घरचे आत. एका जाळीला उघडणारी झडप करा म्हटलं तर “शो जातो” म्हणतात. घाला चुलीत तो शो!

स्कॉटलंडने फेब्रुवारी 2022 पासून प्रत्येक घरात एकमेकांना जोडलेले अलार्म सक्तीचे केले. शेजारच्या इंग्लंडमध्ये सक्ती मुख्यतः भाड्याच्या घरांना. शेजाऱ्यांचं तिकडेही जमत नाही, पण घर किती उंच, हा प्रश्न स्कॉटलंडमध्ये कुणी विचारत नाही.

आपले आकडे जुळेपर्यंत थांबू नका. बॅटरीवरचा स्मोक अलार्म आणा. स्वयंपाकघरात नको, फोडणीला बोंबलेल. झोपायच्या खोलीबाहेर छताला लावा, महिन्याला बटण दाबून बघा. जिन्यातले गठ्ठे मात्र आजच हलवा, त्याला कुठल्याच राज्याची परवानगी लागत नाही.