तुपाचा रकाना

सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'मूलद्रव्ये, संयुगे आणि मिश्रणे' नावाचा धडा आहे. पुस्तकात असतो तोवर तो गरीब असतो. घरात शिरला की भांडण लावतो. आमच्या हदगावच्या घरी पोरीनं वहीत तीन रकाने आखले आणि स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. तांब्याचा गडू मूलद्रव्यात गेला, साखर संयुगात, पितळेचा डबा मिश्रणात. कारण पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. मिठानं थोडा घोळ घातला. मीठ खरं तर संयुग, पण पुडीतल्या मिठात आयोडीनचा क्षार घातलेला असतो, म्हणून त्याचीही मिश्रणात बदली झाली. इथवर कोणाची हरकत नव्हती. मग तिनं तुपाची बरणी उचलली आणि तीही त्याच रकान्यात लिहून टाकली.

"काहून गं? घरचं कढवलेलं तूप हाय. मिश्रण काय म्हणायलीस त्याला?" माझ्या आईनं विचारलं.

"आजी, त्यात नाना तऱ्हेचे स्निग्ध पदार्थ असतात."

नाना तऱ्हेचे म्हटल्याबरोबर आईला वनस्पती तुपाचा वास आला. आयुष्यभर लोणी कढवलेल्या बाईला तिच्याच घरात, तिच्याच नातीनं भेसळखोर ठरवलं होतं.

दोष पोरीचा नव्हता. रसायनशास्त्राचा मानपानच वेगळा. आपण ज्यांना हात जोडतो ते दूध, मध, गूळ, पंचामृत, सगळे तिथं मिश्रणाच्या पंक्तीला. सोनाराच्या दुकानातलं 916 चा शिक्का मारलेलं सोनंही तिथंच, कारण हजारातले 916 भाग सोनं आणि उरलेलं तांबं-चांदीसारखं काहीतरी. आणि शुद्ध पदार्थांच्या मानाच्या पाटावर कोण? डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेली साखर, खायचा सोडा, देवघरातला कापूर आणि चक्क युरिया. निखळ युरियात वजनानं साडेसेहेचाळीस टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन असतो आणि कृषी केंद्रातल्या पोत्यावर 46 टक्के छापलेलं असतं. म्हणजे पोतं जवळपास काठोकाठ शुद्ध. शेणखताला मात्र हा मान कधीच मिळायचा नाही. पाण्याचीही तीच गत. गावातलं सगळ्यात शुद्ध पाणी ट्रॅक्टरच्या बॅटरीत ओततात. माणसांना 'शुद्ध पेयजल' लिहिलेला जार मिळतो. त्यात क्षार असतातच, आणि असलेलेच बरे. बॅटरीचं पाणी चवीला अगदीच फिक्कं.

या मानपानामागचा नियम जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1799 साली मांडला. संयुगातल्या घटकांचं वजनी प्रमाण ठरलेलं असतं. पाणी पैनगंगेचं घ्या नाहीतर पावसाचं, त्यातला गाळ-क्षार काढून टाकल्यावर एक भाग हायड्रोजनला आठ भाग ऑक्सिजन, यात फरक नाही. बर्थोले या त्याच्याच देशातल्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाला हे पटेना. प्रमाण बदलू शकतं, असं त्याचं म्हणणं. दोघांचा वाद काही वर्षं चालला, पण सभ्यपणे. संयुगांच्या बाबतीत शेवटी प्रूस्तची सरशी झाली. बर्थोले आमच्या आईच्या हातची आमटी जेवला असता तर त्याला जरा दिलासा मिळाला असता. तिथं सगळा कारभार अंदाजाचा, आणि मिश्रणाला अंदाज चालतो.

पण खरा पेच दुधात आहे. दूध मिश्रण आणि पाणी संयुग. म्हणजे गवळी दुधात पाणी घालतो तेव्हा तो एका मिश्रणात शुद्ध पदार्थ घालत असतो! तरी बिघडतं ते दूधच. मूळच्या दुधातही शंभरातले सत्त्याऐंशी भाग पाणीच असतं, पण ते गाईनं घातलेलं. लॅक्टोमीटर घनता मोजतो. पाणी घातलं की घनता उतरते आणि चोरी पकडली जाते. यावर तोड अशी की आधी मलई काढायची. मलई हलकी, ती गेली की घनता चढते. मग बेतानं पाणी ओतलं की लॅक्टोमीटर पुन्हा आपल्या जागेवर तरंगतो, जसं काही झालंच नाही. म्हणून डेअरीत फॅटही तपासतात. एका माणसाला गाठायला दोन परीक्षा लागतात.

तेव्हा रसायनशास्त्र मिश्रण ओळखतं, ते किती आणि कशाचं हेही सांगतं. पण भेसळीचा रकाना त्याच्याकडे नाही. तो आपल्याला आखावा लागतो, आणि तो आखताना काय मिसळलं यापेक्षा सांगून मिसळलं का, हे बघावं लागतं.

याचा दाखला आमच्याच तालुक्यात तामश्याला आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तिथल्या बारालिंग महादेवाच्या देवळात भाजी-भाकरीची पंगत बसते. गावोगावची माणसं भाज्या आणतात, घरोघरच्या भाकरी आणतात. वांगी असोत, शेंगा असोत, कोणाच्या मळ्यात जे निघालं ते सगळं एकत्र शिजतं. भाकरींची चळत बघावी: एक पातळ, एक जाड, एकीच्या कडेला करपल्याचा डाग, एकीवर बोटं उठलेली. पुस्तकाच्या भाषेत हे विषमांगी मिश्रण, घटक नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसणारं. पानात कुणाच्या घरची भाकरी पडेल याचा नेम नाही, भाजीत कुणाचं वांगं आलं हे विचारायची सोय नाही. पण याला भेसळ म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. सगळं सगळ्यांदेखत कढईत पडलेलं असतं.

सोन्यावरचा 916 हा तरी काय, मिश्रणानं उघडपणे दिलेला कबुलीजबाबच. अन्नाच्या पाकिटावर घटकांची यादी उतरत्या वजनानं छापायला लावतात तीही त्याचसाठी. किटलीवर मात्र अशी यादी नसते. तिथं दूधवाल्याचं तोंड वाचावं लागतं, आणि त्या विषयात आमच्या आईचे मार्क कधी कमी झालेले नाहीत. पोरीला गृहपाठात तुपासाठी मार्क मिळाले. वहीत तूप मिश्रणातच राहिलं. फक्त त्यापुढे आजीच्या आग्रहाखातर कंसात एक शब्द वाढला: घरचं.