पाव मिलिमीटरचा हिशेब

गाडी निळा धूर सोडायला लागली की तज्ज्ञांची उणीव भासत नाही. एरवी पार्किंगमध्ये नुसती मान हलवून पुढे जाणारे शेजारी थांबून धुराकडे बघायला लागतात. सिग्नलला बाजूचा रिक्षावाला अंग बाहेर काढून सांगतो, "काका, ऑइल खातीय." त्याचं निदान बरोबर असतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जातंय, दाट पांढरा म्हणजे रेडिएटरचं पाणी नको तिथे शिरतंय आणि निळा म्हणजे इंजिन ऑइल पेट्रोलबरोबर जळतंय. एवढं शास्त्र पुण्यातल्या प्रत्येक माणसाला येतं. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याला जरा जास्तच येतं.

आमची गाडी मारुती ८००, २००७ सालची. तिला आमच्या घरात कोणी गाडी म्हणून वागवत नाही, त्यामुळे तिचं काही बिघडू शकतं हेच मुळात कोणाला पटेना. मिस्त्रींनी मात्र बॉनेट उघडायच्या आधीच सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं, तेलकट काजळी अंगठ्यावर चोळली आणि स्वतःशीच मान डोलावली. डॉक्टर अशी मान डोलावतात तेव्हा आपण घाबरतो. मिस्त्रींनी डोलावली की आपण पाकीट चाचपतो.

मग त्यांनी परीक्षा घेतली. प्लग काढून तिथे कॉम्प्रेशन गेज लावला, स्टार्टर मारला, आकडा बघितला. कमी. मग त्याच भोकातून चमचाभर ऑइल आत सोडलं आणि पुन्हा मोजलं. आकडा चढला. "रिंगा गेल्यात," ते म्हणाले. यातली गंमत मला फार आवडली. ओतलेलं ऑइल पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधली फट तात्पुरती बुजवतं. बुजवल्यावर दाब वाढला तर गळती तिथेच आहे. वाढला नाही, तर दोष वर, व्हॉल्व्हमध्ये. चमचाभर ऑइलमध्ये इतका स्वच्छ तर्क मी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कधी पाहिला नव्हता.

"मग आता?"

"दोन रस्ते आहेत काका. हेच बांधायचं, नाहीतर दुसरं टाकायचं. दुसरं टाकलं तर बसवून वीसेक हजार. बांधलं तर तीस-पस्तीस." मग थोडं थांबून, अगदी सहज: "पण ते खोलल्यावर कळेल."

घरी ही बातमी पोचताच धाकटा भाऊ एक्सेल घेऊन बसला. तो बँकेत आहे. बुडीत कर्ज ओळखायची त्याला सवय आहे आणि आमच्या मारुतीकडे तो नेहमी त्याच नजरेनं बघतो. त्याचं म्हणणं अगदी सरळ होतं. गाडी विकायला काढली तर चाळीस हजार येतील की नाही शंका. तिच्यात पस्तीस हजार घालायचे? "दादा, हा शहाणपणा नाही."

हा युक्तिवाद सगळेच करतात आणि ऐकायला तो अगदी बिनतोड वाटतो. पण त्यात एक खोट आहे. गाडीची बाजारातली किंमत ही विकणाऱ्याच्या कामाची. मला गाडी विकायचीच नाही. मला प्रश्न पडलाय तो असा, की पस्तीस हजार खिशात घेऊन मी बाजारात गेलो तर मला दुसरी काय गाडी मिळेल? मिळेल ती कोणाची तरी अशीच गाडी, जिचं इंजिन लवकरच निळा धूर सोडणार आहे, फक्त ते मला अजून माहीत नाही. माझ्या गाडीचा क्लच कधी बदलला, टायर कधी टाकले, मागच्या दारात पाणी कुठून शिरतं, हे सगळं मला पाठ आहे. ही माहिती एक्सेलच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. भावाला हे सांगितलं, तर त्याने "सेंटिमेंटल व्हॅल्यू" अशा नावाचा एक रकाना केला आणि त्यात शून्य लिहिलं.

आता दुसऱ्या रस्त्याकडे बघू. 'दुसरं इंजिन' म्हणजे कोरं नव्हे. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीतच थांबलं. दुसरं इंजिन म्हणजे भंगारात निघालेल्या किंवा ठोकर खाल्लेल्या गाडीतून उतरवलेलं. ते पुण्यात मिळतं, नाहीच मिळालं तर मुंबईत कुर्ल्याहून येतं. अशा इंजिनांबद्दल चौकशी केली तेव्हा एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. ती सगळी डॉक्टरांच्या गाडीतली असतात. "डॉक्टरांची गाडी होती साहेब, घर ते दवाखाना, बास." महाराष्ट्रातले इतके डॉक्टर घर ते दवाखाना एवढ्याच अंतरात गाड्या ठोकत असतील, तर ही आरोग्य खात्यानं दखल घेण्याजोगी बाब आहे. प्राध्यापकाच्या गाडीतलं इंजिन मला कोणी देऊ केलं नाही. आम्ही घर ते कॉलेज एवढंच चालवतो, पण आमच्यावर तेवढा विश्वास नाही.

थट्टा बाजूला ठेवली तरी खरा पेच इथेच आहे. बांधायचं म्हटलं तर इंजिन ओळखीचं आणि बिल अनोळखी. बदलायचं म्हटलं तर बिल ओळखीचं आणि इंजिन अनोळखी. त्या वीस हजारांत आकडा पक्का मिळतो, पण आतल्या रिंगांचं काय झालंय ते विकणाराही सांगू शकत नाही, कारण त्यानंही ते खोललेलं नसतं.

आणि खोलणं म्हणजे काय, ते जुन्या वाड्यात राहिलेल्यांना सांगायला नको. गळतं म्हणून एक कौल बदलायला माणूस वर चढतो आणि खाली येऊन सांगतो की वासा गेलाय. इंजिन खोललं की रिंगांबरोबर पिस्टन निघतात, पिस्टनबरोबर बेअरिंग दिसतात, बेअरिंग दिसली की क्रँकवर नख फिरवलं जातं आणि त्या नखाला ओरखडा लागतोच. मग "आता खोललंच आहे तर" सुरू होतं. आता खोललंच आहे तर टायमिंग बेल्ट टाकून घेऊ. ऑइल पंप बघून घेऊ. क्लच प्लेट अजून चालेल, पण आता खोललंच आहे तर. गॅरेजमधली सगळ्यात महाग वस्तू कुठल्याही कंपनीच्या डब्यातून येत नाही, ती या चार शब्दांत असते. शिवाय दर वेळी मिस्त्रींचं बरोबर असतं. क्लचसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे मजुरी दोनदा, हे कोणालाही पटतं. पटतं म्हणूनच तर बिल वाढतं.

शेवटी बांधायचंच ठरलं. इंजिनाचा ब्लॉक घेऊन मी मिस्त्रींबरोबर लेथवर गेलो. जायची गरज नव्हती, पण हे बघायला मिळत असेल तर माणसानं रजा टाकून जावं. मशीन शॉपमधले वयस्क कारागीर बोअर गेज सिलिंडरमध्ये सोडून वर, मध्ये, खाली, आडवं, उभं असं मोजत होते. सिलिंडर झिजतो तो सारखा झिजत नाही. वरच्या बाजूला, जिथे स्फोटाचा सगळा दाब आणि उष्णता, तिथे जास्त झिजतो, आणि पिस्टन ज्या बाजूला रेलतो त्या बाजूला जास्त. गोल भोक हळूहळू अंडाकृती होतं. गोल रिंग अंडाकृती भोकाला कशी पुरणार? उरलेल्या फटीतून ऑइल वर चढतं आणि रिक्षावाल्याला आपल्याशी बोलायला विषय मिळतो.

उपाय असा, की भोकच थोडं मोठं करून पुन्हा गोल करायचं आणि त्यात थोडा मोठा पिस्टन घालायचा. थोडा म्हणजे पाव मिलिमीटर. ते कारागीर त्याला अजून "दहा थाउ" म्हणतात, इंचाचे दहा हजारांश. मेट्रिक पद्धत देशात येऊन साठ-पासष्ट वर्षं झाली, पण लेथपर्यंत पोचायला तिला अजून अवकाश आहे. बोअरिंग झालं की होनिंग. भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा काढतात, कारण भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली तर तिच्यावर ऑइल टिकत नाही. गुळगुळीत केल्यावर मोजून खरखरीत करायचं, यात मला कारागिरीपेक्षाही जास्त काही दिसत होतं, पण मशीनच्या आवाजात ते कोणाला सांगणं शक्य नव्हतं.

तिथेच उभ्या उभ्या मी एक हिशेब केला. मारुती ८०० च्या सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७२, सिलिंडर तीन. गुणाकार केला तर ७९६ सीसी येतात. म्हणजे कारखान्यातून निघालेली ८०० ही कधीच ८०० नव्हती. आता पाव मिलिमीटर वाढवा: ६८.७५. उत्तर येतं जवळजवळ ८०२. इतकी वर्षं रस्त्यावर काढून, धूर सोडून, खोलून, घासून झाल्यावर आमची गाडी पहिल्यांदा नावाला जागली. हे मी भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "सहा सीसीचे पस्तीस हजार?"

आपल्याकडे इंजिन बांधायची ही विद्या इतकी मुरली याला कारण हौस नव्हे, नाइलाज. फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे दिवस होते. आलेली गाडी फेकून देणं हा पर्यायच नव्हता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी १०८९ सीसीच्या लहानशा इंजिनावर अख्खं शहर वाहत राहिल्या, त्या पुन्हापुन्हा बोअर मारून, क्रँक घासून, उतारवयात कित्येकींना सीएनजी लावून. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीचा कारखाना कुर्ल्यात होता आणि जुन्या गाड्या सुट्या होऊन विकल्या जातात तेही कुर्ल्यातच, त्यामुळे काही पद्मिनींचं माहेर आणि स्मशान यांत फार तर रिक्षाचं भाडं असेल. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, ती इंजिन थकलं म्हणून नव्हे. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती आणि ती भरली.

म्हणून हिशेबात एक रकाना कॅलेंडरचाही हवा, हे भावाचं म्हणणं मी मान्य केलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. आमच्या गाडीची पुढची तारीख जवळ आलेली आहे. पण तपासणीत धूर मोजतात, आणि निळा धूर सोडणारी गाडी कुठल्याच तारखेला पास होत नाही.

नव्या गाड्यांचं गणित मात्र वेगळं आहे, तिथे माझा उत्साह उपयोगाचा नाही. कित्येक इंजिनांचे ब्लॉक अॅल्युमिनियमचे, आत पातळ अस्तर. त्यांना बोअर मारायला वावच ठेवलेला नसतो. अधिकृत वर्कशॉपमध्येही मोजत बसण्यापेक्षा अख्खी असेंब्ली बदलण्याकडे कल असतो, कारण वॉरंटी असेंब्लीला देता येते, मिस्त्रींच्या नखाला देता येत नाही. अमेरिकेसारख्या देशात तर कारागिराचा तास इतका महाग, की उतरवून दुसरं टाकणंच पुष्कळदा स्वस्त पडतं. आपल्याकडे अजून तास स्वस्त आणि सुटे भाग मिळतात, तोवर ओतीव लोखंडाचा जुना ब्लॉक बांधून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अट एकच: बोअर गेज हातात धरून मोजणारा माणूस ओळखीचा हवा. नुसत्या रिंगा बदलून "झालं काका" म्हणणाऱ्याकडे बांधण्यापेक्षा डॉक्टरांचं इंजिन परवडलं.

तुमच्यावर ही वेळ आली तर खोलायच्या आधी ते चमचाभर ऑइल घालून कॉम्प्रेशन मोजून घ्या. दोष व्हॉल्व्हचा निघाला तर नुसतं हेड उतरवून भागेल. ब्लॉक लेथवर जाणार असेल तर आधी मोजमाप कागदावर लिहून मागा, मग पिस्टन आणा. बांधून झाल्यावर पहिले हजारएक किलोमीटर गाडी जपून हाका आणि सांगितल्याबरहुकूम ऑइल बदला. बदलायचंच ठरवलंत, तर इंजिनाचं बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद पदरात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन नंबर आरसीवर असतो, तो बदलला की आरटीओत नोंद करून घ्यावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. बांधलेल्या इंजिनाचा नंबर मात्र तोच राहतो, अर्ज नाही, रांग नाही. एवढ्या एकाच कारणासाठीसुद्धा वरचे पंधरा हजार मला वाजवी वाटतात.