घोडबंदरला सातशे वीस घोडे

माझा भाचा परदेशी गाड्यांना आंघोळ-पावडर करून देणाऱ्या एका दुकानात नोकरीला आहे. त्याची स्वतःची एक स्कूटर आहे, तिचेही अजून अकरा हप्ते बाकी आहेत. परवा सकाळी त्याचा फोन आला. "मामा, फेरारीत बसायचंय? एका शेठची गाडी वसईकडे पोचवायचीय. तुम्हाला घोडबंदरच्या किल्ल्यापाशी सोडतो."

किल्ला पाहायचं माझं तीस वर्षं राहून गेलं होतं. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या माणसाला फेरारी आणि किल्ला एकाच दिवशी मिळणार असेल, तर त्याने तिथी पाहू नये. मी निघालो.

गाडी लालभडक. उंची १२०६ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम चार फूट. तीत शिरण्यासाठी आधी डोकं आत घालायचं, मग उरलेला देह हप्त्याहप्त्याने. पंगतीत पाटावर बसायची सवय होती म्हणून जमलं. भाच्याने माहिती दिली : ७२० अश्वशक्ती, ताशी ३४० किलोमीटर, थांबलेल्या जागेवरून शंभराचा वेग २.९ सेकंदांत. मी देवाचं नाव घेऊन पट्टा आवळला.

माजिवड्याला पहिला सिग्नल लागला. मग कापूरबावडीला गर्दी, मानपाड्याला गर्दी, पातलीपाड्याला मेट्रोच्या खांबांखाली पुन्हा गर्दी. सातशे वीस घोडे एका हातगाडीच्या मागे उभे होते. हातगाडीवर दुधी भोपळे होते. पुढे वाट मोकळी होताच भोपळे पुढे गेले आणि आम्ही तिथेच राहिलो, कारण समोर खड्डा होता. हिचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही.

खड्ड्यापाशी जे झालं ते फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. पाच अनोळखी माणसं कुठूनशी उगवली. "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडे कापा... बास!" एकाने मेट्रोच्या कामावरची फळी उचलून आणली. माझी जुनी मारुती याच रस्त्यावर बंद पडली होती, तेव्हा एवढ्याच माणसांनी मला नुसता हॉर्न ऐकवला होता. फळी घालणाऱ्याने काही मागितलं नाही. फक्त टायरला हात लावून पाहिला, देवळात उंबऱ्याला लावतात तसा.

वाघबीळच्या सुमारास एक रिक्षा शेजारी येऊन थांबली. रिक्षावाला वरून खाली वाकून माझ्याकडे बघत म्हणाला, "शेठ, किती देते?"

भाचा पुटपुटला, "चार-पाच."

"लिटरला?" रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख दिसलं. "सीएनजी लावून घ्या, शेठ."

मात्र रिक्षा त्याने चार हात लांब ठेवली होती. या पट्ट्यातले रिक्षावाले शहाणे झालेत, त्याला कारण आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये मीरा-भाईंदरच्या तेव्हाच्या आमदारांनी पत्नीला वाढदिवसाला नारिंगी लॅम्बोर्गिनी भेट दिली. किंमत साडेपाच कोटी, असं वर्तमानपत्रांनी छापलं. भेट हाती पडते न पडते तोच गाडी एका उभ्या रिक्षाला जाऊन भिडली आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. साडेपाच कोटींच्या बाजूने कोणी बोलल्याचं मला आठवत नाही. सगळी सहानुभूती रिक्षाकडे गेली, आणि ते योग्यच झालं.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की सकाळपासून सगळे मला शेठ म्हणताहेत. मराठीत माणसाशी बोलायचं तर आधी तू, तुम्ही की आपण हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला आपण वय, कपडे, आडनाव, चष्मा असा बराच पसारा बघतो. फेरारीत तो त्रास वाचतो. माझा शर्ट इस्त्रीविना होता आणि पायात चपला होत्या, तरी मी आपला 'आपण'च. उलट स्कूटीवरून जाणाऱ्या एका बाईंनी काचेतून आमच्याकडे असं पाहिलं की मी नकळत पाय आखडून घेतले. दोन मोटारसायकलवाले तर गुर्र गुर्र करत शर्यतीचं आव्हान देऊन गेले. आम्ही हरलो. भाच्याला गाडीवरच्या ओरखड्याचे पैसे पगारातून भरावे लागतात.

गायमुखच्या घाटाच्या आसपास पोलीसदादांनी हात केला. तिथे ठाण्याचे पोलीस संपून मीरा-भाईंदर, वसई-विरारचे सुरू होतात. हे दुसरं आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० पासूनचं. आम्हाला नेमकं कोणत्या हद्दीत अडवलं ते मी सांगणार नाही, दोन्हीकडून मला अजून जायचं-यायचं असतं.

"साहेब, जरा बाजूला घेता का?"

चोवीस वर्षं स्कूटर चालवली, पण 'घेता का' असा प्रश्न मला कधी आला नव्हता. 'ए, साइडला घे' एवढंच यायचं.

"काय झालं, साहेब?" भाचा म्हणाला. आमचा वेग तेव्हा बावीस होता.

"झालं काही नाही. वेगाने जाऊ नका."

मग त्यांनी नंबरपाटी पाहिली. पुदुच्चेरीची. त्यांची भुवई वर गेली. ती जायलाच हवी. महाराष्ट्रात महागड्या गाडीवरच्या कराची कमाल मर्यादा वीस लाख होती, ती २०२५ मध्ये तीस लाख झाली. तो चुकवायला काही शेठ लोकांच्या गाड्या समुद्रकाठच्या दूरच्या गावी जन्म घेतात आणि वाढतात मात्र ठाण्यात.

"बॉनेट उघडा."

उघडलं. आत माझी डब्याची पिशवी होती. पोलीसदादा दचकले. "इंजिन कुठाय?"

"मागे आहे, साहेब."

मागे काचेखाली इंजिन होतं. ते बघताना त्यांचा आवाजच बदलला. "सचिनची होती ती हीच का हो?"

हा प्रश्न मला आला, कारण पांढरे केस माझे. मी सांगितलं, सचिनची ती ३६० मोडेना. २००२ मध्ये शूमाकरच्या हातून मिळाली. मग १.१३ कोटींच्या आयातशुल्काच्या माफीवरून गदारोळ झाला आणि शेवटी ते फियाट कंपनीने भरलं. २०११ मध्ये सचिनने गाडी विकली, ती गेली सुरतेला.

"सुरतेला?" लूट पुन्हा तिकडेच परत गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "बरं, आपण मालक?"

"नाही. मी मामा."

"मग मालक तुम्ही?"

"मी कामाला आहे, साहेब," भाचा म्हणाला. "गाडी पोचवतोय."

"मग तसं आधी सांगायचं ना रे! चल, लायसन दाखव."

एका वाक्यात 'तुम्ही'चा 'तू' झाला. कागदपत्रं चोख होती, त्यामुळे दंड काही झाला नाही. पण सोडण्याआधी त्यांनी गाडीबरोबर तीन फोटो काढून घेतले, आणि तिन्ही फोटो भाच्याला काढायला लावले.

चेणे, काजूपाडा मागे टाकून आम्ही घोडबंदर गावाकडे वळलो. अरबांचे घोडे या बंदरात उतरायचे म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. किल्ला पोर्तुगीजांचा. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि पुढे तो इंग्रजांकडे गेला. परदेशी घोडा पाहायला तेव्हाही गाव धावत असणार. आमच्याभोवती पोरांचा घोळका जमला. "शूटिंग आहे का? हिरो कुठाय?" दोघांनी हात धरून मला बाहेर ओढलं. मी सरळ उभा राहिल्यावर घोळका लगेच पांगला.

भाचा वर्सोव्याच्या पुलाकडे निघून गेला. मी किल्ल्यावर चढलो, खाडीचा वारा खाल्ला, डबा संपवला आणि खाली येऊन ठाण्याची बस पकडली.

"ओ काका, दारात काय उभे? आत सरका की!" कंडक्टर ओरडला.

मी सरकलो. उभ्यानेच माजिवड्याला पोचलो, पन्नास मिनिटांत. सकाळी फेरारीला सव्वा तास लागला होता.